पुराव्याची रेषा, अंदाजाची रेषा

प्रश्न : आमच्या सोसायटीत इतिहासप्रेमींचा छोटा गट आहे. ग्रीक-रोमन काळाची चित्रं काढणारे इंग्रज चित्रकार-अभ्यासक पीटर कॉनोली यांचा २ मे हा स्मृतिदिन. त्यानिमित्त त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं म्हणतोय. एका सदस्याचं म्हणणं, ही शेवटी कल्पनाचित्रं; त्यांना इतिहास कसं म्हणायचं? आपलं मत सांगा.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आधी तुमच्या सदस्याची शंका घेतो. रास्त आहे. पाठ्यपुस्तकांसाठी मावळे रंगवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. एका संपादकांना प्रत्येक मावळ्याला झुपकेदार मिशी हवी असायची. पुरावा कुणी मागितला नाही, मीही दिला नाही. असल्या चित्रांना कल्पनाचित्रंच म्हणा.

कॉनोलींचं (१९३५–२०१२) तसं नव्हतं. शिक्षण ब्रायटनच्या कलाशाळेतलं. पण पुढे लंडनच्या पुरातत्त्व संस्थेने त्यांना मानद संशोधक म्हणून घेतलं, ते काही रंगसंगती बघून नव्हे. खोगिराचंच बघा. रोमन घोडेस्वाराला रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, नव्हती. मग भाला मारताना तो घसरणारच, म्हणजे हे घोडदळ बेताचंच असणार, असा समज बरीच वर्षं होता. ऱ्हाइनकाठच्या थडग्यांवरच्या शिल्पांत खोगिराला शिंगं दिसतात. अशा शिंगांवरचे काशाचे पत्रे उत्खननांत सापडले होते. हॉलंडमध्ये फाल्केनबर्गला आणि इंग्लंडमध्ये विंडोलांडाला खोगिराचं चामडंही मिळालं होतं. माझ्यासारख्याने शिल्पात दिसतं तसं काढलं असतं, छाया दिली असती आणि बिल पाठवलं असतं. कॉनोलींनी चामड्यावरची शिवण, ताणाच्या खुणा, झिजलेल्या जागा तपासल्या. आत काय असेल तर या खुणा अशा पडतील, हा त्यांचा प्रश्न. त्यातून लाकडी सांगाडा केला, वर कातडं चढवलं, पुढे दोन आणि मागे दोन शिंगं बसवली आणि ते खोगीर खऱ्या घोड्यावर घालून स्वार बसवला. शिंगांच्या आधाराने स्वाराची मांड पक्की राहिली. रिकिबीवाचून वाकून वार करता येत होता. चामड्याच्या अभ्यासक कॅरल फान ड्रील-मरे यांच्याबरोबर १९९१ साली त्यांनी यावर शोधनिबंध लिहिला. आत लाकूड होतंच, हे आजही सगळ्यांना मान्य नाही. नसू दे. ज्या चित्राशी पुरावा घेऊन भांडता येतं, त्याला इतिहासात जागा द्यायला माझी हरकत नाही.

आता प्रदर्शन. नेटवरून चित्रं उतरवून फ्लेक्स छापू नका. त्यांचे हक्क कुणाचे तरी आहेत, आणि फ्लेक्सवर त्या बारीक रेषेचं मातेरं होतं. त्यांचं ग्रीस-रोमच्या युद्धांवरचं १९८१ चं पुस्तक मिळवा, टेबलावर ठेवा, लोकांना पानं उलटू द्या. हारबीर नको.

आणि एक चित्र स्वतः काढा. बोरिवलीत एक्सरला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले दगड, आहेत, त्यांवर वल्ह्यांची जहाजं आणि लढाई कोरलेली आहे. १२६५ च्या सुमारास यादवांनी शिलाहार सोमेश्वराला हरवलं, तीच ही लढाई असं काही अभ्यासक मानतात; काहींच्या मते दगड त्याहून जुने आहेत. शिलाहारांचं श्रीस्थानक म्हणजे आपलं ठाणं, तेव्हा विषय घरचाच. त्यातलं एकच जहाज घ्या. दगडावर दिसतं ते काळ्या रेषेत, तुमचा अंदाज लाल रेषेत. लाल फार झालं तर घाबरू नका, तसंच टांगा. त्याआधी दिवाळे कोळीवाड्यातल्या एखाद्या जुन्या तांडेलाला ते दाखवा. ही होडी उलटेल असं तो म्हणाला तर का ते विचारा आणि पुन्हा काढायला बसा.

प्रश्न : मी दहावीत आहे. मलाही जुन्या काळाची चित्रं काढायची आहेत. सुरुवात कशाने करू?
— एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : मोजण्याने. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर तुला लोकलने जवळ आहे. एकच खांब निवड. हात न लावता, पेन्सिल डोळ्यासमोर धरून त्याच्या भागांची प्रमाणं घे, वहीत आकडे लिही, मग रेषा ओढ. फोटो सगळ्यात शेवटी काढ, नाहीतर घरी येऊन फोटोवरूनच काढशील. रंगपेटी सध्या घरीच राहू दे.