माणूस आधी उधाणात, मग दोन महिने गप्प: डॉक्टरांकडे केव्हा न्यावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की उन्हाळ्यात मिस्टर जेमतेम चार तास झोपायचे, शेजारची द्राक्षबाग खंडाने घ्यायला निघाले होते, आणि आता छाटणी तोंडावर आली तरी दोन महिने बागेकडे फिरकलेले नाहीत. सासूबाई म्हणतात, स्वभावच तसा. मी डॉक्टर नाही. सांगलीत आमचा हळदीचा धंदा आहे आणि माझ्या थोरल्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे कधी उधाण तर कधी खोल उदासी असा मनाचा आजार, तेवढ्यावर सांगतो. याच आठवड्यात न्या. उदासी, कशातच रस नसणं, झोप-भूक बिघडणं हे जवळजवळ रोज, दोन आठवडे टिकलं तरी डॉक्टरांना दाखवावं. तुमचे तर दोन महिने झाले.

आमची चूक वेगळीच झाली. दादा अंथरुणाला खिळला तेव्हा सगळ्यांना दिसलं. त्याआधी रात्री दोनला उठून वह्या लिहायचा, आयर्विन पुलावर चक्कर मारून यायचा, सकाळी सौद्याला सगळ्यांच्या आधी हजर, ते मात्र कुणाला खटकलं नाही. उलट वडील खूश, पोरगा धंद्याला लागला म्हणून! तीन प्लॉटचे विसार देऊन बसला तेव्हा डोळे उघडले. कमी झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातोय, टोकलं की अंगावर येतो. असं आठवडाभर चाललं तर तो उत्साह नव्हे.

मग तो गप्प झाल्यावर नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. उदासी सांगितली, उधाण सांगितलंच नाही. त्यांनी नैराश्याची गोळी दिली आणि पंधरा दिवसांत दादा पुन्हा रात्रभर जागा. बायपोलरमध्ये नुसती ती गोळी माणसाला उलट्या टोकाला नेऊ शकते, हे नंतर कळलं. दोष त्यांना काय द्यायचा, अर्धीच गोष्ट आम्ही सांगितली होती. म्हणून उन्हाळ्यातलं सगळं कागदावर लिहून न्या: झोप किती, खर्च किती, कधीपासून. घराण्यात कुणाला असं होतं का, तेही. थायरॉइडची तपासणी सांगतील, कारण तो कमी असला तरी माणूस असाच मलूल होतो.

(अंगारे झाले, मिरजेच्या दर्ग्यातही जाऊन आलो. आईला धीर आला. दादाला झोप आली ती औषधाने.)

त्याला लिथियम चालू आहे. हा एक क्षार, १९४९ साली ऑस्ट्रेलियात डॉक्टर जॉन केड यांनी उधाणावर त्याचा उपयोग दाखवला. स्वस्त आहे, पण रक्तातलं प्रमाण, किडनी आणि थायरॉइड तपासत राहावं लागतं. उलट्या-जुलाब झाले, उन्हात अंगातलं पाणी गेलं किंवा मनाने पेनकिलर घेतली तर ते प्रमाण चढतं. बरं वाटलं म्हणून दादाने एकदा गोळी सोडली होती. ते वर्ष पुन्हा नको.

आता एक काम आजच करा. फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप लावा, किल्ली स्वतःजवळ ठेवा. "मी नसलो तरी चालेल" असं काही ते बोलले का, सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन २०२२ पासून आहे: १४४१६, फुकट, रात्रीही, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

यायला तयार होणार नाहीत, धरून चाला. दादाही म्हणायचा, मी काय वेडा आहे? शेवटी वहिनी म्हणाली, "वेडे नाही हो, पण तुम्हाला झोप नाही हे तरी खरं ना? तेवढंच दाखवून येऊ." त्यावर आला.