टेबलाच्या फळीला हलायला जागा ठेव

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

टेबलाचा नकाशा मिळाला. पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, सागवानी. पुण्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मे महिन्यात बनवायचं आणि चिपळूणला आई-वडिलांकडे न्यायचं. बेत मला फार आवडला. पाय खाली निमुळते काढलेस, तेही शोभतात. फक्त एके ठिकाणी मी लाल पेन्सिलीने गोल केला आहे. वरची फळी तू फेव्हिकॉल लावून, चारही बाजूंनी स्क्रू पिळून फ्रेमला बसवणार आहेस. तसं अजिबात करू नकोस.

कापून, वाळवून, पॉलिश केलेलं लाकूडसुद्धा हवेतली ओल घेतं आणि सोडतं. ओल घेतली की रुंदीत फुगतं, सोडली की आक्रसतं. लांबीत मात्र नावापुरताच फरक पडतो. पुण्याच्या मे महिन्यात लाकडात ८-९ टक्के ओल असेल, तर चिपळूणच्या श्रावणात ती १५-१६ टक्क्यांपर्यंत चढेल. सागवान हे कमी हलणारं लाकूड, म्हणूनच त्याला एवढा मान. तरी अडीच फूट रुंदीत ५ ते १० मिलिमीटर धरून चाल. फळीचं टोक निरखून बघ. वलयांच्या रेषा उभ्या दिसल्या तर हालचाल कमी, आडव्या पसरलेल्या दिसल्या तर जवळपास दुप्पट. पॉलिशने हा वेग मंदावतो, थांबत नाही. अशी फळी जखडून टाकलीस तर ती मधे फुगेल नाहीतर फ्रेमचे सांधे उचकटेल. आणि पावसाळ्यात जखडलेली फळी उन्हाळ्यात सरळ तडकते.

यावर उपाय लाकडी बटणांचा. फ्रेमच्या आडव्या पट्ट्यांना आतून खाच पाड. दोन इंचांचे छोटे ठोकळे घे, त्यांच्या एका टोकाला खाचेत शिरेल अशी जीभ काढ आणि ठोकळा खालून एका स्क्रूने फळीला अडकव. फळी खाली दाबलेली राहते, पण सरकू शकते. जिभेतल्या लाकडाच्या तंतूंच्या रेषा जिभेच्या लांबीतच जायला हव्यात, आडव्या गेल्या तर ती बिस्किटासारखी तुटते. तू मे महिन्यात जोडणार, म्हणजे फळी तेव्हा सर्वांत आक्रसलेली असणार. म्हणून लांब पट्ट्यांपाशी बटणाचा खांदा (जीभ सुरू होते तिथली पायरी) आणि पट्टी यांत ५ मिलिमीटर फट सोड, आणि जीभ खाचेच्या तळाला टेकणार नाही एवढी खाच खोल घे. आखूड पट्ट्यांच्या बरोबर मध्यावर मात्र एकेक पक्का स्क्रू हवा, म्हणजे फळी दोन्हीकडे सारखी वाढेल. तिथली बाकीची बटणं खाचेतून आडवी सरकतील.

पायांचे सांधे कुसवाचे, म्हणजे पट्टीच्या टोकाचं कुसू पायातल्या भोकात बसणारे, घेतलेस हे उत्तम. पट्टी एक इंच जाड आहे, म्हणजे कुसू साधारण तिसऱ्या हिश्शाचं, ८ मिलिमीटर. पण तुझ्याकडे १० मिलिमीटरची पटाशी असेल तर कुसू १० चं कर. माप हत्यारावरून ठरवलं की भोकाच्या भिंती आपोआप सरळ येतात. आधी भोक पाड, मग त्याच्या मापाने कुसू कापून रंध्याने थोडं थोडं उतरवत जा. हाताने अर्धं जावं, उरलेलं मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी. जोर लावावा लागला तर पाय चिरतो, सैल गेलं तर फेव्हिकॉलवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

हे सगळं पटाशीला धार असेल तरच. नवी पटाशी दुकानातून धारदार येत नाही. आधी तिची पाठ दगडावर सपाट कर. हे कंटाळवाणं काम बहुतेक जण टाळतात आणि मग धार का टिकत नाही म्हणून हैराण होतात. पाठ आरशासारखी झाली की ३० अंशांत धार लाव, मागे बारीक कस (धारेवर उलटलेली धातूची कड) जाणवेपर्यंत, आणि तो कस पाठीवरून घासून काढ. पाइनच्या तुकड्याच्या टोकावर चालवून बघ. पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत निघाला तर धार लागली. भुगा पडला तर पुन्हा दगडाकडे.

लाकडासाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट बघ. तिथे भाव घनफुटावर असतो: जाडी आणि रुंदी इंचांत, लांबी फुटांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. एक इंच जाड, सहा इंच रुंद, आठ फूट लांब फळी म्हणजे घनफुटाचा तिसरा हिस्सा. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळालं तर माझं मन तिकडेच ओढेल. ते वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. फक्त चुंबक फिरवून खिळे शोध, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच. नवं घेतलंस तर कडेचा पांढरट भाग टाळ. वाळवीपासून टिकतो तो गाभा, कड नाही. घरी आणल्यावर फळ्यांमध्ये पट्ट्या घालून काही आठवडे रचून ठेव.

टेबलाला हात घालण्याआधी उरल्यासुरल्या तुकड्यांचं याच पद्धतीचं एक स्टूल कर. तेच सांधे, तीच बटणं. चुकायचं ते तिथे चुकू दे, महागाच्या फळीवर नको.

मास्क लावल्याशिवाय घासकाम करू नकोस. सागवानाचा भुसा त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो. जवसाचं तेल लावणार असशील तर तेलाची फडकी कधीच गोळा करून टाकू नकोस, ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर एकेक पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून ठेव. फ्लॅटमध्ये हे जास्तच पाळ, बाल्कनीच्या पलीकडे लोक झोपलेले असतात.

नकाशा दुरुस्त करून पाठव. बटणांच्या जागा, खाचेची खोली आणि ती ५ मिलिमीटरची फट त्यात आकड्यांत लिहिलेली हवी. मी तपासून आठवड्याभरात परत पाठवतो. लाकूड त्यानंतरच घे.

तुझा,
काका