आधी फोन लागला पाहिजे

पुणे, शनिवार रात्र

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आनंद झाला, दुसऱ्यांदा काळजी वाटली, म्हणून उत्तराला आठवडा लागला. जुन्या फोनवर उबंटू टच ही लिनक्सवर चालणारी फोनची सिस्टीम चढवलीस, डाव्या कडेवरून बोट सरकवलं आणि ॲप्सची पट्टी बाहेर आली, तेव्हा अंगावर काटा आला असं लिहिलंयस. तो काटा मला माहीत आहे. इतकी वर्षं झाली, तरी नवा बोर्ड पहिल्यांदा जागा होतो आणि सिरियल केबलवरून पहिली ओळ पडद्यावर उमटते, तेव्हा मी अजून खुर्चीतून उठते.

नोकरी सोडून दोन वर्षं या सिस्टीमच्या कामात घालू का, आणि ती टिकेल का, हा तुझा प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळच देते. नोकरी सोडू नकोस. दोन वर्षं मात्र यात जरूर घाल, पण नोकरी सांभाळून. आणि ती नक्की कुठल्या कामात घालायची, हे आधी ठरव.

या सिस्टीमचा इतिहास तुला तुकड्यातुकड्याने माहीत असेल, एकदा सलग बघ. २०१३ साली उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने ‘उबंटू एज’ या फोनसाठी लोकांकडून ३ कोटी २० लाख डॉलर मागितले. जमले सुमारे १ कोटी २८ लाख. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती, पण ठरवलेला आकडा गाठला नाही म्हणून पैसे परत गेले आणि फोन निघालाच नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत स्पेनच्या बीक्यू कंपनीने पहिला उबंटू फोन युरोपात विकायला काढला, मग चीनच्या मेझूचे फोन आले. एप्रिल २०१७ मध्ये कॅनॉनिकलचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी फोनचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. पहिल्या फोनपासून हे सगळं सव्वादोन वर्षांत झालं. त्यानंतर यूबीपोर्ट्स नावाने जमलेल्या स्वयंसेवकांनी तो कोड उचलला आणि आज तुझ्या हातात जे आहे ते त्यांच्या कष्टाचं आहे. २०२३ पर्यंत ही सिस्टीम २०१६ च्या उबंटूच्या पायावर उभी होती. पाया बदलून २०२० च्या उबंटूवर (२०.०४) यायला त्यांना किती वर्षं लागली याचा विचार केलास, तर हात किती कमी आहेत ते कळेल.

म्हणून ‘टिकेल का’ याचं उत्तर कुणी छातीठोक देत नाही, आणि देणाऱ्यावर तू विश्वास ठेवू नकोस. मी ज्या सिस्टीमी गेलेल्या पाहिल्या, त्यातल्या बहुतेक चांगल्या होत्या. पाम कंपनीची वेबओएस तर देखणी होती. एचपीने २०१० मध्ये १२० कोटी डॉलरला पाम विकत घेतली, २०११ च्या उन्हाळ्यात वेबओएसवरचा टचपॅड हा टॅबलेट बाजारात आणला आणि ४९ दिवसांत बंद केला.

आपल्या बाजारात याहून जवळचं उदाहरण आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सचा क्लाउड एफएक्स आला, मोझिलाच्या फायरफॉक्स ओएस या सिस्टीमवरचा, १,९९९ रुपयांना. दोन हजारांत स्मार्टफोन! डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने असे फोन विकणं थांबवत असल्याचं सांगितलं. सगळ्यांनी मूठमाती दिली. पण कोड उघडा होता. त्यातून कायओएस निघाली, आणि २०१७ साली आलेला जिओफोन त्यावरच चालायचा. जी सिस्टीम मेली म्हणून आम्ही हळहळत होतो, तिचा वंशज भाजीच्या गाड्यावर, रिक्षाच्या डॅशबोर्डवर, गावाकडच्या आजीच्या उशाशी जाऊन बसला. कोट्यवधी लोकांच्या हातात. त्यावर व्हॉट्सॲप यायला मात्र सप्टेंबर २०१८ उजाडला, आणि २०२४ च्या जूनपासून कायओएसवर ते नव्याने उतरवून घेणंही बंद झालं. म्हणजे वापरणारे कोट्यवधी असले तरी दोरी दुसऱ्याच्या हातात राहू शकते.

दोरी कुणाच्या हातात असते, हेही बघून ठेव. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आपल्या स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात काही निर्देश रद्द झाले, दंड राहिला. त्या आदेशातली एक गोष्ट तुझ्या कामाची आहे: प्ले स्टोअर हवं असेल तर फोन बनवणाऱ्या कंपनीला एका करारावर सही करावी लागायची, आणि त्या करारामुळे तिला अँड्रॉइडपासून फुटून निघालेली दुसरी सिस्टीम आपल्या कुठल्याच फोनवर घालता येत नव्हती. २०१२ मध्ये एसरने अलीबाबाच्या अलियून ओएसचा फोन ऐन वेळी मागे घेतला, तो याच दबावाखाली. हुवावेला जमलं, कारण २०१९ मध्ये अमेरिकेने गुगलच्या सेवांचं दार लावल्यावर मागे फिरायची सोयच उरली नव्हती आणि पाठीशी अख्ख्या चीनची बाजारपेठ होती. अँड्रॉइडचा आधार पूर्ण सोडलेली हार्मनीओएस बाहेर यायला त्यांनाही २०२४ उजाडलं. तुझ्यामागे असं काही नाही. यूबीपोर्ट्सच्या मागेही नाही.

आता माझी गोष्ट सांगते, आजवर कधी नीट सांगितली नव्हती. दहा-अकरा वर्षांपूर्वी मी एका कंपनीत अशीच एक पर्यायी सिस्टीम फोनवर बसवण्याच्या कामावर, म्हणजे तिच्या पोर्टवर, होते. नावं सोडून देऊ. पडदा चालला, वायफाय चालला, कॅमेराही चालला. फोन लावला की समोरची घंटी वाजायची, त्यांचा आवाज आम्हाला स्वच्छ यायचा, आणि आमचा आवाज त्यांना जायचा नाही. तीन आठवडे मी त्यावर होते. दिवसाला शंभरेक कॉल. पलीकडे टेबलावर बसलेला सहकारी नुसता मान हलवायचा: नाही, नाही, नाही. मग एका संध्याकाळी मी कंटाळून बोटाने आमच्या फोनच्या वरच्या कडेवर टिचक्या मारत बसले आणि त्याला त्याच्या कानात टिक टिक ऐकू आलं. फोनला दोन माईक असतात. खालचा बोलण्याचा, वरचा आजूबाजूचा गोंगाट ओळखून तो वजा करण्यासाठी. आमची सिस्टीम कॉलच्या वेळी वरचाच माईक बोलण्याचा धरत होती आणि खालच्यातलं माझं बोलणं गोंगाट समजून पुसून टाकत होती. कुठला माईक कधी उघडायचा हे ठरवणाऱ्या मिक्सरच्या फाइलमध्ये एक ओळ बदलली. सहकाऱ्याने अंगठा वर केला.

महिन्याभरात प्रकल्प बंद झाला. सोमवारी बैठक झाली, शुक्रवारपर्यंत सगळे हँडसेट पुठ्ठ्याच्या खोक्यात गेले. मी घरी येऊन रडले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. पण पुढे हिंजवडीत गाड्यांच्या डॅशबोर्डवर काम करायला लागले तेव्हा तिथेही लिनक्सच होतं, आवाज सांभाळणारी तीच आल्सा, तेच मिक्सर, तोच कुठला माईक कधी उघडायचा हा घोळ. त्या तीन आठवड्यांवर मी पुढची कित्येक वर्षं जेवले. वरची सिस्टीम गेली, खालच्या थरातलं शिकलेलं उरलं.

म्हणून माझा आग्रह असा की तू खालच्या थरात काम कर. लिबहायब्रिस बघ. अँड्रॉइडसाठी लिहिलेले बंद ड्रायव्हर साध्या लिनक्सवर चालवण्याची ती युक्ती आहे. कार्स्टन मंक यांनी ती केली, आणि ती सेलफिश या दुसऱ्या फोन-सिस्टीममध्येही चालते, उबंटू टचमध्येही. हॅलियम हा त्याच वाटेवरचा, अशा सिस्टीमींनी मिळून वापरायचा थर आहे. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे मुख्य कर्नलमध्ये, एखाद्या चिपचा ड्रायव्हर गेला, तर उद्या उबंटू टच असो वा नसो, तो ड्रायव्हर पोस्टमार्केटओएससारख्या दुसऱ्या फोन-सिस्टीमला मिळतो आणि अजून जन्माला न आलेल्या सिस्टीमलाही. उबंटू टचचा चेहरामोहरा, लोमिरी, तोही आता डेबियन या लिनक्समध्ये आहे.

तू मराठी भाषांतरं करायची म्हणतोस, त्यातही हेच लक्षात ठेव. मेनूतले शब्द भाषांतरित करणं चांगलंच, पण त्याखालचं बघ. हिंदी वळणाचा ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘ल’ वेगळा, ‘श’ वेगळा. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात ही वळणं दिली आहेत. दोन्हींचा युनिकोड क्रमांक एकच असतो. फाँटमध्ये मराठीची वळणं असली तरी ती तेव्हाच निघतात, जेव्हा सिस्टीम अक्षरजुळणी करणाऱ्या इंजिनाला ‘हा मजकूर मराठी आहे’ असं सांगते. हे इंजिन म्हणजे हार्फबझ, आणि ते अँड्रॉइडमध्येही आहे, फायरफॉक्समध्येही. ‘दऱ्या’ लिहून बघ, ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ शेजारी शेजारी लिहून बघ. ऱ्याचा तो झुपका तुटला असेल, तर तुटतो कुठे ते शोध: कीबोर्डमध्ये, फाँटमध्ये, की इंजिनात. जिथे तुटतो तिथेच दुरुस्त कर, म्हणजे ती दुरुस्ती एका फोनपुरती राहत नाही.

आता फोन लागण्याबद्दल. टूजी-थ्रीजीवर आवाजाचा कॉल मोडेम स्वतःच निभावून न्यायचा. व्होल्टीमध्ये, म्हणजे फोरजीवरच्या कॉलमध्ये, आवाज डेटाच्या पाकिटांतून जातो, आणि नेटवर्कशी बोलणी करून तो कॉल जुळवणारा भाग चिप बनवणाऱ्या कंपन्या अँड्रॉइडसाठी बंद पेटीत देतात. सोर्स मिळत नाही. उबंटू टचवर व्होल्टी मोजक्याच फोनांवर चालतं, त्याचं कारण हे. जिओचं नेटवर्क २०१६ मध्ये सुरू झालं तेच फोरजीवर, खाली टूजी-थ्रीजी नाहीच. म्हणजे व्होल्टी नसलेल्या फोनात ते सिम घातलं, तर इंटरनेट चालेल आणि साधा कॉल लागणार नाही. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, तिथल्या अशा सिस्टीम वापरणाऱ्यांचीही हीच अडचण झाली. या सिस्टीमचं भविष्य मला विचारशील तर मी आधी इथे बोट ठेवीन. गोपनीयता, स्वातंत्र्य, उघडा कोड हे सगळं मलाही मनापासून प्रिय आहे. पण आईचा फोन लागला नाही तर कुणीही तो फोन खिशात ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

यूपीआयचं तुला माहीतच आहे. ॲप आधी तुझ्या सिमवरून एसएमएस पाठवून नंबर आणि फोन बांधून घेतं, आणि बहुतेक वेळा फोनला गुगलची मान्यता आहे का तेही तपासतं. लिनक्सच्या आत अँड्रॉइड चालवणाऱ्या वेड्रॉइडमध्ये अँड्रॉइडची ॲप्स उघडतात, पण अनेक बँकांची ॲप्स या तपासणीत अडतात. तिथे डोकं आपटत बसू नकोस, ते कुलूप तुझ्याकडून उघडणार नाही. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनांसाठी यूपीआय १२३पे आणलं. त्यात नंबर फिरवून, आकडे दाबून पैसे पाठवता येतात. त्याला ॲप लागत नाही, नुसता धड कॉल लागतो. पुन्हा तिथेच आलो बघ.

वारं सध्या उलटं आहे, हेही लपवत नाही. २०२५ मध्ये गुगलने अँड्रॉइडचं सगळं काम बंद दाराआड न्यायचं ठरवलं. त्याच वर्षी अँड्रॉइड १६ सोबत पिक्सेल फोनांच्या त्या फाइली दिल्या नाहीत, ज्यांच्या आधारावर बाहेरचे लोक आपली बिल्डं बांधायचे. अँड्रॉइडवर बेतलेल्या पर्यायांना त्याने धाप लागली. कर्नलपासून स्वतःच्या पायावर उभं राहायची निकड मला त्यामुळेच जास्त वाटते.

काही साध्या गोष्टी. घरातल्या कुणाच्याही एकुलत्या एक फोनवर ही सिस्टीम घालू नकोस, त्यांनी कितीही कौतुकाने मागितली तरी. कुणी ‘घेऊ का’ विचारलं तर आधी त्यांचं सिम कुठलं आणि बँक कुठली ते विचार, मग खरं ते सांग. एकच हँडसेट धर. आठवड्याचे सहा तास ठरव आणि ते पाळ. जोशात महिनाभर रात्री जागून मग गायब होणारी मुलं मी खूप पाहिली, आणि त्यांनी अर्धवट सोडलेलं निस्तरता निस्तरता प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर थकतात. बग कळवताना लॉग जोड, फोनचं मॉडेल लिही, आणि उत्तराला पंधरा दिवस लागले तर रागावू नकोस. पलीकडचा माणूसही दिवसभराची नोकरी करून रात्रीच बसलेला असतो.

पुढच्या रविवारी दुपारी ये. माझ्याकडे एक जुना हँडसेट आहे, त्याची आवाजाची खालची कळ सैल झाली आहे, बाकी ठणठणीत आहे. सिरियल केबल मी काढून ठेवते. तुझं रोजचं सिम घेऊन ये आणि पिन लक्षात असू दे. आईला सांगून ठेव की तीनच्या सुमाराला अनोळखी आवाजाची खरखर आली तरी फोन ठेवू नका, पलीकडून ‘ऐकू येतंय’ म्हणेपर्यंत आपल्याला लॉग बघत बसायचं आहे.

तुझी,
ताई