सिनेमा ग्रेट कशामुळे होतो? माझी कसोटी एकच

तुम्ही विचारलंय की कसले सिनेमे आवडतात आणि एखादा सिनेमा नुसता चांगला न राहता ग्रेट कशामुळे होतो. आवडीचं म्हणाल तर मी सगळंच बघते, मारामारी, कॉमेडी, रडारड, काही वर्ज्य नाही. पण ग्रेट म्हणताना एकच गोष्ट बघते, की हा सिनेमा मला आता रडा, आता चिडा असं सांगत बसतो का, की समोर माणसं ठेवतो आणि पुढचं माझ्यावर सोपवतो.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) घ्या. नारायण कांबळे नावाच्या म्हाताऱ्या लोकशाहिरावर मुंबईत केस उभी राहते, आरोप काय तर त्याचं गाणं ऐकून मॅनहोल साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. त्या कामगाराची बायको साक्षीला येते तो सीन माझ्या डोक्यातून जातच नाही. ती सांगते की नवरा आत उतरायच्या आधी झुरळ बाहेर येतंय का बघायचा, आलं तर समजायचं आत श्वास घेता येईल. हे ती अगदी सरळ सांगते, विचारलं तेवढंच. कॅमेरा लांब, व्हायोलिन नाही, जजच्या डोळ्यात पाणी वगैरे काही नाही, पुढचा प्रश्न येतो आणि काम चालू राहतं. दुसऱ्या कुणी केला असता तर इथे पाच मिनिटांचं भाषण आलं असतं आणि आपण टाळ्या वाजवून मोकळे झालो असतो, इथे मोकळं होताच येत नाही.

आणि ती सरकारी वकील! गीतांजली कुलकर्णीने काय केलंय ते काम. कोर्टात एका सुरात कायद्याची कलमं वाचून दाखवणारी ही बाई लोकलमध्ये शेजारणीशी साडी आणि ऑलिव्ह ऑइलच्या गप्पा मारते, मुलाला शाळेतून आणते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते, सुट्टीच्या दिवशी कुटुंबासोबत मराठी नाटकाला जाते. ते नाटक परप्रांतीयांना हाकलून लावण्याबद्दल आहे आणि अख्खं थिएटर हसतंय. ती आपल्या शेजारच्या ब्लॉकमधल्या काकूंसारखी दिसते आणि तिचा रागही धड करता येत नाही, तरी एका निर्दोष माणसाला आत ठेवायला तीच उभी आहे हे विसरताही येत नाही. खलनायक दाखवला असता तर किती सोपं झालं असतं आपल्याला.

'फँड्री'त (२०१३) जब्या नावाच्या शाळकरी मुलाचं कुटुंब शाळेजवळ डुक्कर पकडत असतं आणि नेमकं राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, मग घरचे सगळे जागच्या जागी उभे, आणि डुक्कर निघून जातं. त्या सीनबद्दल नंतर कुणी एक शब्द बोलत नाही. पुढे तेच डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, बाबासाहेब रंगवलेले दिसतात, नागराज मंजुळे तिथे कॅमेरा रेंगाळू देतात पण एकाही पात्राच्या तोंडी डायलॉग देत नाहीत. ज्याला दिसलं त्याला दिसलं.

याचा अर्थ सिनेमा संथच पाहिजे, गाणी नकोत, असं अजिबात नाही हं. 'सैराट' (२०१६) अजय-अतुलच्या संगीताने काठोकाठ भरलाय, लोक थिएटरात नाचले, आणि शेवटाला नेमका आवाजच काढून घेतलाय. ज्यांनी अजून बघितला नसेल त्यांच्यासाठी शेवट सांगत नाही. पण तिथे करुण सूर टाकला असता तर सगळा सिनेमा वाया गेला असता असं माझं ठाम मत आहे.

कॉमेडीलाही हेच लागू. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आजही पाठ आहे लोकांना, कारण अशोक सराफ सत्तर रुपये वारले हे इतक्या सरळ चेहऱ्याने सांगतात की हसायचं काम पूर्ण आपल्याकडेच राहतं. हल्लीच्या बऱ्याच कॉमेडीत जोक झाला की लगेच टुंग टुंग म्युझिक वाजतं, माझा तिथेच मूड जातो.

यातला एकच बघणार असाल तर 'कोर्ट' बघा, फोन लांब ठेवून. सुरुवातीला काहीच घडत नाहीये असं वाटेल, तारखा पडत राहतील, तरी बंद करू नका, निदान त्या बायकोच्या साक्षीपर्यंत तरी थांबा.