24 लाखांचं कर्ज आणि दुबईची नोकरी: शारजाहून उत्तर

तुम्ही वाळपईचे, डोक्यावर 24 लाखांचं कर्ज, दुबईत 4,800 दिरहमची नोकरी ठरली आहे. विचारलंत की पोटाला चिमटा काढून राहिलो तर दोन वर्षांत सगळं फिटेल का, आणि बायकोला व पहिलीतल्या मुलाला बरोबर आणू की मागे ठेवू. प्रश्न वाचला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. पहाटे पावणेपाचला उठायचं असतं, तरी झोप लागेना, म्हणून लिहायला बसलो. मीही गोव्यातलाच, डिचोली तालुक्यातला. घरी आम्ही कोकणीच बोलतो, पण मनातलं कागदावर उतरवायचं तर मला मराठीच लागते.

व्हिसा, मेडिकल, एमिरेट्स आयडी हे सगळं कंपनी सांगेल. ते सोडून देतो.

आधी हिशेब. एकट्याने राहून महिन्याला 3,400 दिरहम वाचवलेत आणि दिरहमला हात राखून 22 रुपये धरले, तर 75 हजारांच्या आसपास होतात. दोन वर्षांत 18 लाख. त्यातून व्याज वजा करा. म्हणजे दोन वर्षांत फिटणार नाही, तीन वर्षांच्या थोडं वरच लागेल. हे आजच घरी सांगून टाका. मी आईला "दोन वर्षं" म्हणून सांगितलं होतं आणि मग प्रत्येक गणेशचवथीला तिला नवा आकडा सांगायची पाळी आली.

आमचं कर्ज खाणीचं. खनिज वाहायचे दोन टिपर, म्हणजे ट्रक, होते. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, टिपर दारात फणसाखाली उभे राहिले आणि हप्ते मात्र चालू. 2014 साली सरकारने खाणग्रस्तांसाठी कर्जसवलतीची योजना आणली, तिच्यातून एका गाडीचं ओझं बरंचसं उतरलं. पुढे वाहतूक थोडी सुरू झाल्यावर मला वाटलं, आता दिवस पालटले. पुन्हा कर्ज काढून जुनी गाडी दिली, नवी घेतली. फेब्रुवारी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींचे 88 लीज (भाडेपट्टे) रद्द केले आणि मार्चच्या मध्यात सगळं पुन्हा थांबलं. तेव्हा बेरीज केली: क्रेडिट सोसायटीचे 9 लाख, घराचे 14, बायकोच्या सोन्यावरचे 3 आणि नातेवाइकांचे 5. एकूण 31 लाख. मे 2018 मध्ये मी शारजाला उतरलो.

फेडण्याचा क्रम हा माझ्याकडून झालेला एकमेव शहाणपणा, तो नीट वाचा. सगळ्यांची समजूत असते की घराचं कर्ज मोठं, म्हणून ते आधी फेडावं. तसं करू नका. आमच्या सोसायटीचा दर 14 टक्के होता आणि घराचा 9. आधी 14 वालं. घराचं कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराचं असेल तर मध्येच जादा रक्कम भरल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही, तेव्हा ते नंतर भरता येतं. पण भरताना अर्जात स्पष्ट लिहा की मुदत कमी करा, हप्ता नको. 20 लाख, 9 टक्के, 20 वर्षं असं कर्ज धरलं तर हप्ता साधारण 18 हजार येतो आणि पहिल्या महिन्यात त्यातले 15 हजार नुसते व्याजात जातात. मुद्दलात जातात फक्त 3. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत जादा भरलेला प्रत्येक रुपया मोलाचा.

आणि इथल्या बँकेचा फोन येईल, "सर, पर्सनल लोन." पगाराच्या 20 पटीपर्यंत देता येतं त्यांना. ते घेऊन तिकडचं फेडावं असा मोह माझ्या खोलीतल्या दोघांना झाला. नोकरी गेली, हप्ता थकला आणि देश सोडायला बंदी आली. त्यातल्या एकाला वडिलांच्या क्रियेला जाता आलं नाही. त्या फोनला नाही म्हणा.

ऑफर लेटरवर बेसिक, म्हणजे मूळ पगार, किती आहे तेही बघा. 4,800 पैकी बेसिक 2,000 असेल तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, 2,000 वरच मोजतात, पहिली पाच वर्षं वर्षाला 21 दिवसांच्या पगाराची. सही करण्याआधी बेसिक वाढवून मागा, नंतर कोणी ऐकत नाही.

राहणं. मी शारजाच्या रोला भागात बेडस्पेस घेतली, एका खोलीत आठजण. दोन मजली लोखंडी खाटा, प्रत्येकाचा आपापला पडदा, पडद्याच्या आत एक बल्ब आणि एक खिळा. त्या खिळ्याला माझी पिशवी, पिशवीत कर्जाची वही. स्वयंपाक पाळीने. उकडे तांदूळ, तारल्यांचं हुमण (माशांची आमटी), ओल्या नारळाऐवजी सुकी पूड. कामाला दुबईत अल कूझला, सकाळी सव्वापाचला बाहेर पडलो नाही तर रस्त्यातच दोन तास. अकरा महिने असा राहिलो आणि मला त्याचं काहीच वाटत नाही. स्वतःच्या पोटाला चिमटा काढणं सोपं असतं. एकटेपणाचंही तेच. होतो, सवय पडते. पहिल्या चवथीला माटोळीचा, गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या छताचा, फोटो फोनवर आला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

कागदपत्रांनी मात्र माझं रक्त आटवलं. लग्नाच्या दाखल्यावर बायकोचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मुलीच्या जन्मदाखल्यात आईचं नाव लग्नात बदललेलं. आपल्याकडे घरोघरी हेच आहे, आणि गावात कुणाला ते खटकत नाही. इथे फॅमिली व्हिसाला तीन नावं म्हणजे तीन बायका. अ‍ॅफिडेव्हिट केलं, ते चालत नाही म्हणाले, दाखल्यातच दुरुस्ती हवी. ज्या कचेरीत दुरुस्ती करायची तिथला माणूस सांगे, मूळ नोंदवही दुसरीकडे आहे. बायको कडेवर पाच महिन्यांचा मुलगा घेऊन सात खेपा घालून आली, प्रत्येक वेळी एक कागद कमी. आठव्या खेपेला ती तिथल्या बाकावर बसून रडली आणि त्याच दिवशी काम झालं. मग राज्याचा शिक्का, दिल्लीचा, वकिलातीचा, इथे आल्यावर परराष्ट्र खात्याचा. तुमच्या बायकोची नावं आजच तीनही कागदांवर ताडून बघा. निघण्याआधी, गावात असतानाच.

आता मुलाचं.

माझी मुलगी गावच्या सरकारी मराठी शाळेत दुसरी पास झाली होती, पहिल्या नंबरात. एप्रिल 2019 च्या शेवटी तिघं इथे आली. आम्ही फॅमिली शेअरिंगमध्ये एक खोली घेतली, स्वयंपाकघर दुसऱ्या कुटुंबाबरोबर. शाळा मी फी बघून निवडली. सगळ्यात कमी फीवाली. तिथल्या बाईंनी तिला इंग्रजीत विचारलं, काल काय जेवलीस. तिला प्रश्न कळला होता, हे तिच्या तोंडावर मला दिसत होतं. ती म्हणाली, "नुस्तें." मासे, एवढंच. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि तिला पुन्हा दुसरीत घातलं. मी भांडायला हवं होतं. जवळच दुसरी एक शाळा होती, तिने परीक्षा घेऊन तिसरीत घेतलं असतं, दोन महिने इंग्रजीची शिकवणी लावा म्हणाली होती. फी महिन्याला 250 दिरहम जास्त, शिकवणीचे वेगळे. मी वहीत आकडा मांडला आणि नको म्हटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं की एक वर्ष मागे राहिली तर पाया पक्का होईल. हे मी तेव्हा खरं मानत होतो की नाही, मला आजही सांगता येत नाही.

त्या वर्षी ती वर्गात बोललीच नाही. अरबीचा तास, इंग्रजीचा तास, आणि वर वयाने एक वर्ष मोठी. मग 2020 च्या मार्चपासून ऑनलाइन शाळा, माझा जुना फोन, काच तडकलेली. नवा टॅब मी घेतला नाही. त्या वर्षी मी सोसायटीचा शेवटचा हप्ता भरला आणि पावतीचा फोटो आईला पाठवला.

2021 मध्ये बायकोला एका दुकानात हिशेबाची नोकरी लागली आणि मग कर्ज भराभर उतरलं. ती म्हणत होती, आता जरा सैल सोडूया, स्वतंत्र फ्लॅट घेऊया, फिटायला वर्ष जास्त लागलं तर लागू दे. मी ऐकलं नाही. सप्टेंबर 2022 मध्ये घराचं कर्जही संपलं, सोनं सुटलं, आईने गणपतीपुढे नारळ ठेवला.

त्यानंतर फ्लॅट बदलताना मुलीचं कपाट आवरत होतो. जुन्या कंपासपेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेले तीन कागद मिळाले. शाळेची परिपत्रकं. एक मत्स्यालयाच्या सहलीचं, एक स्नेहसंमेलनाच्या ड्रेसच्या पैशांचं, एक वर्गाच्या फोटोचं, 25 दिरहम. तिन्हींवर पालकांच्या सहीची जागा कोरी. तिने ते आम्हाला दाखवलेच नव्हते. विचारलं तर म्हणाली, "तुम्ही नाही म्हटलं असतं, मग उगाच तुम्हाला वाईट वाटलं असतं."

त्या रात्री मी वही काढून उलटा हिशेब केला. शेवटचे 6 लाख मी एक वर्ष उशिरा फेडले असते तर 9 टक्क्यांनी जास्तीचं व्याज जास्तीत जास्त 54 हजार रुपये झालं असतं. माझा तेव्हाचा जवळजवळ अर्ध्या महिन्याचा पगार. तेवढ्यासाठी.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं. पहिलं वर्ष एकटे या. बेडस्पेस घ्या, डबा न्या, स्वतःवरचं काय तोडायचं ते सगळं त्या एका वर्षात तोडा आणि मोठ्या व्याजाचं कर्ज संपवा. मुलाला तोवर गावच्या शाळेतच राहू द्या, पण घरी रोज अर्धा तास इंग्रजीत बोलायची सवय लावा, वाचायची नुसती नव्हे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांची सही निघण्याआधीच घ्या. ती दोघं आली की शाळेचे आणि घरभाड्याचे आकडे कर्जाच्या वहीत लिहू नका. त्याची वेगळी वही करा आणि तिच्यातून वाचवू नका. मग तीनाची साडेचार वर्षं झाली तरी चालतील.

एवढं सांगून आम्ही अजून इथेच आहोत, कर्ज फिटून गेलं तरी. मुलगी दहावीच्या उंबरठ्यावर आहे, मध्येच हलवता येत नाही. आजीची चिठ्ठी ती बोट ठेवून वाचते, जोडाक्षराला अडते. अभ्यासात चांगली आहे, आता बोलतेही भरपूर, माझ्याशी जरा कमी.

मागच्या महिन्यात मी तिच्या त्या पहिल्या शाळेत गेलो होतो. 2019-20 च्या दुसरीच्या वर्गाचा फोटो पैसे भरून मिळेल का म्हणून विचारलं. खिडकीतल्या बाईंनी रजिस्टर उघडलं, मग बंद केलं, म्हणाल्या इतके जुने ठेवत नाहीत.