वाचलं तेव्हा सगळं येत होतं, पेपरात मात्र ब्लँक

प्रश्न: माझी मुलगी दहावीला आहे. इतिहासाचा एकेक धडा चार-चार वेळा वाचते, हायलायटर मारून मारून अख्खं पुस्तक पिवळं झालंय. रात्री विचारलं की म्हणते आई सगळं येतंय, आणि पेपर हातात पडला की काही आठवत नाही. तिचे बाबा म्हणतात मन लावून वाचतच नाही. तिची मेमरीच कमी आहे का हो?
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, मेमरी कमी वगैरे काही नाही, आणि मुलगी खोटंही बोलत नाहीये. रात्री तिला खरंच वाटत असतं की सगळं येतंय. गडबड तिथेच आहे.

आधी घरातल्या घरात एक करून बघा. खिशातलं नाणं बाहेर न काढता दहा रुपयाच्या नाण्यावर कुठे काय आहे ते कागदावर काढा. रोज हाताखालून जातं, पण आकडा, सिंह, अक्षरं नक्की कुठे ते सांगताना आपण अडकतो. अमेरिकेत निकर्सन आणि अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये त्यांच्या एक सेंटच्या नाण्यावर हाच प्रयोग केला होता आणि आयुष्यभर ते नाणं वापरणाऱ्या लोकांनाही ते धड काढता आलं नाही. बघून ओळखणं वेगळं आणि न बघता आठवणं वेगळं. तुमची मुलगी चौथ्यांदा धडा वाचते तेव्हा प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, म्हणून येतंय असं वाटतं, पण पेपरात समोर ओळ नसतेच ना, कोरा कागद असतो.

यावर रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. कॉलेजच्या मुलांना त्यांनी छोटे उतारे दिले, एक सूर्यावर, एक समुद्रातल्या पाणमांजरांवर. एका गटाने पाच-पाच मिनिटं असं चार वेळा बसून फक्त वाचलं, म्हणजे उतारा साधारण १४ वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटाने एकदाच पाच मिनिटं वाचलं, तेवढ्यात तीन-चार वेळा वाचून झालं असेल, आणि पुढच्या तिन्ही वेळा उतारा न बघता कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिलं, आणि चुकलं काय ते कुणी सांगितलंही नाही. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. पण एका आठवड्यानंतर उलटं झालं, वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला पुढे चांगलं आठवेल याची खात्री सगळ्यात जास्त कुणाला होती? १४ वेळा वाचणाऱ्यांना! तुमच्या मुलीचं अगदी हेच होतंय बघा.

माझ्या पुतणीला मी हे करायला लावलं होतं. एक धडा एकदा नीट वाच, पुस्तक मिट, आणि वहीच्या पाठकोऱ्या पानावर आठवेल ते लिही. पहिल्या दिवशी साडेचार ओळी आल्या आणि रडायलाच लागली, मला काहीच येत नाही म्हणून. मी तिला एवढंच म्हटलं की अगं, हे पेपरात कळण्यापेक्षा आज कळलं ते बरं नाही का. मग पुस्तक उघडून जे सुटलं ते लाल पेनाने लिहायचं, दोन दिवसांनी परत कोरा कागद. तिसऱ्या वेळेला पान भरलं. तेव्हा अवघड वाटणं म्हणजे अभ्यास होत नाहीये असं समजू नका, डोक्याला ताण देऊन आठवावं लागतं तेव्हाच ते पक्कं बसतं.

आणि मध्ये विसरली तर ओरडू नका. जर्मनीतल्या एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञांनी स्वतःवरच वर्षानुवर्षं प्रयोग केले, अर्थ नसलेले शब्दतुकडे पाठ करायचे आणि काही वेळाने परत तेच पाठ करायला किती वेळ लागतो ते मोजायचं. १८८५ मध्ये त्यांनी ते छापलं. पहिल्या तासातच अर्ध्याहून जास्त गेलेलं असायचं, पण दुसऱ्यांदा पाठ करताना वेळ वाचायचा, म्हणजे विसरलेलं वाटतं तेही पूर्ण पुसलेलं नसतं. बाबांनाही हे वाचायला द्या. ती मन लावतेय, फक्त पद्धत बदलायची आहे.

प्रश्न: हळदीचा डबा समोर असतो तरी मला दिसत नाही, बायको येऊन तिथूनच उचलून देते. डोळे तपासून झाले, नंबर बरोबर आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: डोळ्यांचा दोषच नाही. अमेरिकेत २४ रेडिओलॉजिस्टना, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन तपासणाऱ्या डॉक्टरांना, फुफ्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं आणि एका स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घालून ठेवलं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २०१३ चा प्रयोग आहे हा. २० जणांना गोरिला दिसलाच नाही, आणि नजर कुठे जाते ते मोजलं तर त्यातल्या बहुतेकांची नजर थेट त्याच्यावर जाऊन आली होती. लक्ष गाठीवर होतं. तुम्ही मनात लाल झाकणाचा जुना डबा धरून शोधत असाल आणि हळद आता काचेच्या बरणीत गेली असेल तर बरणीवरून नजर नुसती घसरते. शोधण्याआधी बायकोला विचारा, आता कशात ठेवलीये.

पण स्वयंपाकघरात ठीक आहे, रस्त्यावर हे जिवावर बेततं, म्हणून विषय निघालाच आहे तर सांगतो. अमेरिकेतल्या युटाह विद्यापीठात स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये ड्रायव्हिंगसारख्या कामात लाल सिग्नल दाखवून बघितलं, फोनवर बोलताना सिग्नल सुटण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं, आणि फोन हातात धरा नाहीतर हँड्सफ्री वापरा, फरक काही नाही. सिग्नल डोळ्यासमोरच होता. तेव्हा ब्लूटूथ आहे ना मग काय होतंय असं म्हणू नका, गाडी बाजूला घ्या आणि मग बोला.