पोलादी केसिंग 1 मीटरच्या खणात बसवताना

आपली अडचण अशी आहे: गोव्यातल्या बार्देशच्या किनाऱ्याजवळ खारे पाणी आत शिरले आहे का हे पाहण्यासाठी बोअरवेलच्या 30 मीटर केसिंगलाच (आतल्या पोलादी पाइपलाच) विद्युतप्रवाह दिला, जमिनीच्या संगणकीय प्रारूपात 6 इंची, 5 मिलिमीटर जाडीचा पाइप 1 मीटरच्या खणांत (प्रारूपाच्या जाळीतल्या चौकटींत) भरताना वाहकता आणि आडव्या छेदाचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार कायम ठेवला, तरी केसिंगचे विभव (व्होल्टेज) मोजणीपेक्षा कमी येते.

गुणाकाराचा हा नियम चुकीचा नाही, पण तो किलोमीटरभर लांबीच्या तेलविहिरींसाठी जास्त उपयोगी आहे. पोलादाची वाहकता मीटरला 50 लाख सीमेन्स धरली, तर आपल्या पाइपचा गुणाकार सुमारे 12,800 येतो. त्याला जमिनीच्या 100 ओहम-मीटर रोधकतेने गुणून वर्गमूळ काढले की सुमारे 1,130 मीटर मिळतात. प्रवाह पाइपमधून जमिनीत झिरपत ओसरायला साधारण एवढी लांबी लागते. आपले केसिंग त्यापुढे अगदीच तोकडे असल्याने ते वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकाच विभवावर असते. त्याचा स्वतःचा रोध 0.0023 ओहम, तर जमिनीत उतरण्याचा रोध एकजिनसी जमिनीसाठीच्या सूत्राने 3.3 ओहम. म्हणून इथे पाइपची त्रिज्या निर्णायक ठरते. 1 मीटरचा खण सुमारे अर्धा मीटर त्रिज्येच्या दांड्यासारखा वागतो, आणि तोच रोध 2.4 ओहमवर घसरतो. आपली तूट मला इथेच दिसते.

माझा आग्रह दंडगोलाकार जाळीचा आहे: अक्ष पाइपच्या मध्यावर, भिंतीलगतचे खण काही मिलिमीटरचे आणि पुढे क्रमाने रुंद होत जाणारे. आधी एकजिनसी जमिनीत 3.3 ओहम येतात का ते पाहावे, मगच जांभ्याचे थर घालावेत. कोरडा जांभा फार रोधक असल्याने बराचसा प्रवाह पाइपमधूनच खालच्या ओल्या चिकणमातीत उतरतो, आणि विहिरीलगतची ती विभवे खाऱ्या पाण्याची खूण समजण्याचा धोका असतो.

पुढे प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह वापरणार असाल, तर पोलादाची सापेक्ष चुंबकीय पार्यता 100 धरून 1 हर्ट्झला प्रवाह 22 मिलिमीटरपर्यंत शिरतो, पण 100 हर्ट्झला जेमतेम 2.2 मिलिमीटर, म्हणजे भिंतीच्या निम्म्याहून कमी. तिथे भिंतीच्या जाडीतच निदान चार-पाच खण हवेत.